घासू

"कायले घासून राह्यली वं एवढं? काच झिजून जाईन एखाद्या दिवशी."

लॅबमधला माझा सहकारी ढोबळे सिंकजवळ येऊन उभा राहिला होता. मी मान वर केली नाही. फ्लास्कच्या तळाशी एक ठिपका दिसत होता. तो बहुधा काचेतलाच बुडबुडा असावा, तरी मी लांब दांड्याच्या ब्रशने तो घासत होते.

"मले एक फ्लास्क पायजे," तो म्हणाला.

"शिल्लक नाही."

"एकबी नाही?"

"धुतलेले मला दुपारी लागतील. बाकीचे सगळे कुंडात आहेत."

त्याने कुंडाकडे वाकून पाहिलं. "अवं, माह्ये दोन होते त्याच्यात. माह्या नावाची पट्टी होती त्याइच्यावर."

"पट्टी काढली. पट्टीचा गोंद काचेवर राहतो."

"धन्य हाय बाप्पा तुही. घासूबाई, आता मी काम कशात करू, ओंजळीत?"

घासू हे नाव मला बी.एस्सी.पासून चिकटलं होतं. सतत पुस्तकात डोकं घालून बसणाऱ्याला मुलं घासू म्हणायची आणि त्यात कौतुक अजिबात नसायचं. ते ढोबळेला कोणी सांगितलं कोण जाणे. पण संशोधनाला लागल्यापासून ते अक्षरशः खरं झालं होतं. माझा अर्धा दिवस सिंकपाशी जायचा.

मी अनंतमुळावर काम करत होते. पानातल्या पेशी एकमेकींपासून सुट्या करायच्या, पोषक द्रवात ठेवायच्या आणि त्या जगतात का, वाढतात का, ते पाहायचं. जमलं असतं तर पुढे कधीतरी औषधासाठी रानातली मुळं उपटावी लागली नसती. पहिल्या दिवशी पेशी फार सुंदर दिसायच्या. सूक्ष्मदर्शकाखाली गोल, हिरव्या, सोललेल्या वाटाण्यांसारख्या. मग त्यांच्या कडा तपकिरी पडायच्या, मग सगळा द्रव कोऱ्या चहाच्या रंगाचा व्हायचा आणि मी तो सिंकमध्ये ओतायचे. माझं तिसरं वर्ष चालू होतं. ओतण्यापलीकडे मी काही केलेलं नव्हतं.

कुंड म्हणजे चिनी मातीचा एक मोठा टब. त्यात क्रोमिक ॲसिड असायचं, गडद केशरी आणि तेलासारखं दाट. काचेवर बोटाचा ठसा जरी असला तरी तो त्यात जळून जायचा. आमच्या ॲप्रनच्या बाह्याही जायच्या. काच आधी पावडरने घासायची, मग रात्रभर कुंडात बुडवायची, मग नळाखाली धरायची, मग डिस्टिल्ड पाण्याने विसळायची. ही आमच्या गाईडची, खासनीस सरांची पद्धत होती. सरांना ती त्यांच्या गुरूंनी शिकवली होती आणि सरांनी विभागातल्या प्रत्येकाला.

सर त्याच वेळी आत आले. ढोबळे कुंडापासून मागे होऊन सरळ उभा राहिला. सरांनी मी धुतलेला एक फ्लास्क उचलला, पाण्याने भरला, रिकामा केला आणि खिडकीच्या उजेडात उलटा धरला. पाणी काचेवरून अखंड उतरलं. एकही थेंब मागे राहिला नाही. थेंब राहिला म्हणजे काच तेलकट, म्हणजे नापास.

"बघ, ढोबळे. याला धुणं म्हणतात. तू काच नुसती ओली करतोस."

"हो सर."

सर मुलांना अरे-तुरे करायचे, मुलींना अहो-जाहो. "मिस तांबट, पेशींचं काय?"

"गेल्या सर."

"कधी?"

"सकाळी पाहिलं तेव्हा तपकिरी होत्या. या वेळी आधीपेक्षा लवकर गेल्या."

"हं." त्यांनी फ्लास्क हलकेच जागेवर ठेवला. "काहीतरी राहून जातंय. पुन्हा करा."

ते कधी रागावत नसत. रागावले असते तर बरं झालं असतं. "पुन्हा करा" ते इतक्या सौम्यपणे म्हणायचे की त्यावर काही विचारणं उद्धटपणाचं वाटायचं.

मी तांबटांच्या घरातली. वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं. चिंच आणि मीठ लावून घासलेली घागर दारात ठेवल्याशिवाय ते सकाळी गल्ल्यावर बसत नसत. भांड्यावर डाग दिसला तर गिऱ्हाईक भांड्याला नाही, घराला नावं ठेवतं, असं त्यांचं मत होतं. त्यामुळे काम बिघडलं की माझ्या मनात त्याचं एकच कारण यायचं. कुठेतरी नीट घासलं गेलेलं नाही. सर "राहून जातंय" म्हणाले की मला वाटायचं, काचेवर राहून जातंय. मी काच एका रात्रीऐवजी दोन रात्री कुंडात ठेवू लागले. मग शनिवार-रविवार धरून तीन. पेशी लवकर मरायला लागल्या होत्या हे मला दिसत होतं. म्हणूनच तर मी आणखी घासत होते.

त्या दिवशी दुपारी मी नव्या पेशी तयार केल्या. माझे फ्लास्क भरूनही थोड्या उरल्या. त्या फेकायला निघाले तर ढोबळेने हात पुढे केला.

"फेकून राह्यली त मले दे."

"कशाला?"

"शेकर दुरुस्त केला ना म्या. त्याच्यावर ठेवून पाहाले काहीतरी लागन की नाही? नुसत्या पाण्यानं फेस कळत नाही."

"ठेवणार कशात?"

त्याने कपाटातून एक काचेची बरणी काढली. त्याच्या आईने अकोल्याहून पाठवलेल्या लोणच्याची. लोणचं हॉस्टेलवर संपलं होतं. बरणी त्याने साबणाने धुतली होती आणि सवयीने वाफेत निर्जंतुकही केली होती, पण झाकण उघडलं तर आतून मोहरीचा वास आलाच.

"शी!" मी म्हणाले.

"शेकरले काय वास येते?"

मी उरलेला द्रव बरणीत ओतला, त्याने ती फ्लास्क गोल गोल हलवणाऱ्या त्या यंत्रावर ठेवली आणि मी विसरून गेले.

माझ्या फ्लास्कमधल्या पेशी चौथ्या दिवशी गेल्या. मी सरांच्या खोलीत जाऊन तसं सांगितलं. या वेळी ते "पुन्हा करा" म्हणाले नाहीत. त्यांनी मला बसायला सांगितलं. मी घाबरले.

"मिस तांबट, पुढच्या महिन्यात समिती येतेय. तुमच्या फेलोशिपचं वर्ष वाढवायचं की नाही ते ठरवतील. आपण त्यांना काय दाखवणार?"

"काही नाही सर."

"काही नाही कसं? तुम्ही एवढ्या वेळा, एवढ्या काळजीने हे केलंत. प्रत्येक वेळी एकच उत्तर आलं. तेच लिहा. अनंतमुळाच्या सुट्या पेशी द्रव माध्यमात तग धरत नाहीत."

"पण सर, हे म्हणजे जमलं नाही असंच झालं."

"नाही हेही उत्तर असतं. मात्र ते 'नाही' कोणी सांगितलं, त्याने कष्ट किती घेतले होते, यावर त्याची किंमत ठरते. आळशी माणसाच्या 'नाही'वर कोण विश्वास ठेवेल? तुमच्यावर ठेवतील."

मी बाहेर आले तेव्हा मला हलकं वाटायला हवं होतं. माझं सगळं अपयश एका वाक्यात बसत होतं आणि ते वाक्य छापलं जाणार होतं. मी आठवडाभर बसून पेपर लिहिला. सरांनी तो टाइप करून पोस्टात टाकला. त्या आठवड्यात मी एकदाही नीट जेवले नाही आणि का ते मला सांगता येत नव्हतं.

पोस्टात टाकला त्याच्या दुसऱ्या दिवशी ढोबळेने मला हाक मारली.

"घासू, इकडे ये न. पाह्य बरं हे."

तो शेकरपाशी उभा होता. लोणच्याची बरणी यंत्रावर गोल गोल फिरत होती. आतला द्रव चहाच्या रंगाचा नव्हता. फिकट पिवळसर हिरवा होता आणि त्यात रव्याएवढे कण तरंगत होते.

"बुरशी आहे," मी म्हणाले.

"मलेबी तसंच वाटलं."

"बुरशीच असणार. लोणच्याच्या बरणीत दुसरं काय येणार?"

"मंग पाहून घे की. भेतं कायले?"

मी थेंबभर द्रव काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. खाली पाहताना मी मनात म्हणत होते, बुरशी असू दे. देवाकडे मी फारसं मागत नाही, पण त्या क्षणी मी ते अगदी मनापासून मागितलं.

बुरशी नव्हती. गोल, हिरव्या पेशी होत्या आणि त्या एकट्या नव्हत्या. दोन-दोन, चार-चार एकमेकींना चिकटून होत्या. काहींच्या मधोमध नुकतीच पडलेली नवी भिंत दिसत होती. त्या वाढत होत्या.

"काय हाय?" ढोबळेने विचारलं.

"तू यात काय घातलंस?"

"म्या? काहीच नाही."

"खरं सांग."

"अवं, तुह्यासमोरच त ओतलं ना तू! मी तं बरणीकडे पाह्यलंबी नाही. शेकर बंद कराचा होता तवा दिसलं." तो माझ्या चेहऱ्याकडे पाहून थांबला. "चांगलं हाय न हे? मंग काऊन अशी करून राह्यली?"

मी त्याच्यावर ओरडले. काय ओरडले ते आता आठवत नाही. तू काहीच धुत नाहीस, तुला कशाचीच पर्वा नाही, असं काहीसं. लॅबच्या दोन्ही टोकांना लोक थांबून पाहू लागले. तो निमूट ऐकत राहिला आणि मी थांबल्यावर म्हणाला, "बरणी पायजे असन तुले, त ठेव. माय अजून पाठवन."

संतापामुळे असेल, पण पुढचं काम मी फार शांत डोक्याने केलं. एकाच रोपाच्या पानांतून पेशी काढल्या आणि त्यांचे भाग केले. एक भाग माझ्या लख्ख फ्लास्कमध्ये. एक खोक्यातून नवाकोरा काढून फक्त साबणाने धुतलेल्या फ्लास्कमध्ये. एक बाजारातून आणलेल्या बरणीत. कुंडात तीन रात्री ठेवलेला एक फ्लास्क वेगळा. द्रव तोच, दिवा तोच, शेकर तोच.

बरणीतल्या वाढल्या. साबणाने धुतलेल्या फ्लास्कमधल्याही वाढल्या. माझ्या फ्लास्कमधल्या तपकिरी झाल्या आणि सर्वांत आधी गेल्या त्या तीन रात्रीच्या फ्लास्कमधल्या.

मग मी एकच गोष्ट आणखी केली. माझ्या सर्वांत स्वच्छ फ्लास्कमध्ये नुसतं शुद्ध पाणी भरून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं चमचाभर पाणी बाजारच्या बरणीतल्या जिवंत, वाढणाऱ्या पेशींवर घातलं. त्या मेल्या.

ॲसिडमधलं क्रोमियम काचेला धरून बसत होतं. आम्ही कितीही विसळलं तरी सगळं सुटत नव्हतं. मग पोषक द्रवात ते थोडं थोडं उतरायचं. इतर कामांना त्याने फरक पडला नसता. सुट्या, उघड्या पेशींना ते विष होतं. माझी काच जितकी स्वच्छ, तितकी विषारी. पाणी तिच्यावरून अखंड उतरायचं.

समिती परवावर आली होती. मी दोन फ्लास्क आणि बरणी घेऊन सरांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज नको तितका चढत होता.  त्यांनी बरणी उचलली, उजेडात धरली, खाली ठेवली.

"लोणच्याची?"

"हो सर."

"ढोबळेची."

"हो."

त्यांनी चष्मा काढला. त्यांच्या मागच्या कपाटात विभागातून आजवर झालेले प्रबंध ओळीने लावलेले होते, काळ्या बांधणीचे. त्यांतले बरेच माझे वाचलेले होते. कुड्याच्या पेशी, अश्वगंधेच्या पेशी, सर्पगंधेच्या पेशी. शेवटच्या पानावर बहुतेकांचं उत्तर माझ्यासारखंच होतं. मी त्या कपाटाकडे पाहत नव्हते. सरही पाहत नव्हते.

"सगळी काच?" त्यांनी हळूच विचारलं.

"मी माझीच तपासली सर. पण कुंड एकच आहे."

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"पेपर गेलेला आहे," ते म्हणाले.

"परत मागवता येईल सर."

"येईल. पण समिती परवा आहे. पेपर असेल तर तुमची फेलोशिप वाढेल. पेपर नसेल तर तुमच्या हातात एक लोणच्याची बरणी आहे. एकदा केलेला प्रयोग आहे. आधी वर्ष वाढू दे. मग सावकाश सगळं पुन्हा करा, नंतर दुरुस्ती छापू. मी पाहिलंय तुम्ही किती मेहनत केलीत. ती फुकट जाऊ नये असं मला वाटतं."

"ती गेलीच आहे सर."

"कागदावर अजून गेलेली नाही."

त्यांनी हे माझ्या भल्यासाठी म्हटलं होतं. मला अजूनही तसंच वाटतं. म्हणूनच मला त्यांच्यावर नीट रागावताही येत नव्हतं.

"समितीपुढे तुम्ही बोलायचं आहे," ते शेवटी म्हणाले. "काय बोलायचं ते तुम्ही ठरवा. मी मध्ये पडणार नाही."

समितीचे अध्यक्ष बाहेरच्या विद्यापीठातून आलेले एक वयस्क प्राध्यापक होते. त्यांच्या शेजारी आणखी दोघं आणि कडेला खासनीस सर. अध्यक्षांच्या पुढे माझ्या पेपरची प्रत होती. त्यांनी ती वाचलेली दिसत होती, कारण कडेला पेन्सिलीच्या खुणा होत्या.

"नेटकं काम आहे," ते म्हणाले. "फार चिकाटीने केलेलं. तर या पेशी जगत नाहीत, असा तुमचा निष्कर्ष."

मी "हो" म्हणायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. ते म्हणणं फार सोपं होतं आणि तो शब्द पूर्ण खोटाही नव्हता. माझ्या फ्लास्कमध्ये त्या जगल्या नव्हत्याच.

"नाही सर," मी म्हणाले. "जगतात."

अध्यक्षांनी पेपरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "इथे तर उलट लिहिलंय."

"ते चुकलंय. पेपर परत मागवायचा आहे. पेशी काचेमुळे मरत होत्या. काच धुण्याच्या ॲसिडमुळे. साध्या काचेत त्या वाढतात."

"किती वेळा पाहिलंत हे?"

"एकदा."

"एकदा. आणि पेशी मरतात हे किती वेळा पाहिलंत?"

"मोजलं नाही सर. तीन वर्षं."

"मग तीन वर्षं तुम्ही नेमकं काय केलंत, मिस तांबट?"

"भांडी घासली, सर."

शेजारच्या दोघांपैकी एक हसला. मी विनोद केला नव्हता. अध्यक्ष हसले नाहीत. खासनीस सर खिडकीबाहेर पाहत होते आणि कबूल केल्याप्रमाणे मध्ये पडले नाहीत.

"तुमच्या प्रांजळपणाचं कौतुक वाटतं," अध्यक्ष म्हणाले, "पण आम्हाला दाखवलेल्या कामावरच निर्णय द्यावा लागतो. आणि तुमच्याच म्हणण्याप्रमाणे काम झालेलं नाही."

फेलोशिप वाढली नाही. मी गप्प बसले असते तर वाढली असती. हे मी त्या दिवशी जिना उतरताना प्रत्येक पायरीवर स्वतःला सांगत होते आणि त्यात मला जराही अभिमान वाटत नव्हता. घरी काय सांगायचं हाच प्रश्न होता. आई विचारणार, खरं बोललीस तर पैसे का बंद झाले? 

ढोबळे खाली सायकलच्या स्टँडपाशी वाट पाहत होता.

"सांगतलं ना तू?"

"सांगितलं."

"पागल हाय तू. एक नंबरची पागल." मग जरा थांबून, "आता? गावाकडे जातं?"

"नाही."

"मंग खाशीन काय?"

"सकाळच्या कॉलेजात प्रॅक्टिकल घ्यायला माणूस हवाय. दुपारी इथे येईन. सर जागा देतील."

"फुकट राबशीन?"

"हो."

तो डोकं खाजवत म्हणाला, "याले बाप्पा चिकाटी म्हणतात."

"नाही," मी म्हणाले. "राग म्हणतात. तीन वर्षं त्या पेशी जगायला तयार होत्या."

 त्याने माझी पिशवी त्याच्या सायकलच्या कॅरिअरला लावली आणि आम्ही फाटकापर्यंत चालत गेलो.

सरांनी जागा दिली. पेपर परत मागवायचं पत्रही त्यांनीच लिहिलं. पण त्या दिवसानंतर ते माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत. लॅबमध्ये आले तरी सिंककडे येत नसत. मला त्याचाही त्रास होत होता. तीन वर्षं या माणसाच्या एका शब्दावर मी बोटं सोलून घेतली होती आणि आता तो मला टाळत होता. मला वाटायचं, त्यांनी अध्यक्षांना एक फोन करावा. एकच. मुलगी कामाची आहे, सहा महिने तरी द्या, एवढंच म्हणावं. अध्यक्ष त्यांचे जुने मित्र होते. फोन त्यांच्या टेबलावरच होता, डायलला कुलूप लावलेला, आणि त्याची किल्ली त्यांच्याच खिशात होती.

एका शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडे गेले. विभाग रिकामा झाला होता. मला रविवारसाठी लॅबची किल्ली हवी होती. दार अर्धवट उघडं होतं आणि आतून त्यांचा आवाज येत होता. ते फोनवर होते. मला एकदम वाटलं, केला. त्यांनी फोन केला. मी दाराबाहेरच्या बाकावर बसले आणि ऐकू लागले.

"देवधर, तुझा कुड्याचा प्रबंध," सर म्हणत होते. "त्यातला शेवटचा निष्कर्ष चुकीचा असण्याची शक्यता आहे... नाही, नाही, तुझी चूक नाही. तुला काच धुवायला मी शिकवलं... हो, मी लिहून पाठवतो. तुझ्या कॉलेजात सोय आहे का? साधी काच वापर. साबणाने धुतलेली. मला पेशी पाहून कळव."

ते अध्यक्षांशी बोलत नव्हते. त्यांनी फोन ठेवला आणि पुन्हा डायल फिरवण्याचा आवाज आला. मग आणखी एक नाव. अश्वगंधा. तेच शब्द, त्याच क्रमाने, जणू ते कुठे लिहून ठेवले होते. "तुझी चूक नाही. तुला काच मी शिकवली." मग पुन्हा डायल.

माझ्यासाठी ते कोणाला फोन करत नव्हते, करणारही नव्हते, हे माझ्या लक्षात आलं. मी उठून दारापर्यंत गेले. किल्ली मागायची आणि निघायचं. सरांची पाठ माझ्याकडे होती. ते उभे राहूनच बोलत होते.

"रेगे आहेत का?... मी खासनीस बोलतोय. विद्यापीठातून... हो, तेच."

हे नाव मी कपाटातल्या कुठल्याच प्रबंधावर वाचलेलं नव्हतं.

"रेगे? कसा आहेस?... दुकान कसं चाललंय?... बरं. अरे, एक सांगायचं होतं. तू सर्पगंधेवर काम करत होतास. तू अर्धवट सोडून गेलास, मग ते दुसऱ्याने पूर्ण केलं... हो. त्याचं उत्तर चुकलं होतं. पेशी मरत होत्या त्या आपल्या काचेमुळे. कुंडातल्या ॲसिडमुळे. आता सिद्ध झालंय. एका मुलीने दाखवलं."

सरांनी रिसीव्हर कानावर घट्ट दाबला. "रेगे? ऐकतोयस ना?"

मग ते म्हणाले, "तू मला विचारलं होतंस. दोनदा. सर, काचेचंच तर काही नसेल ना, म्हणून."

आता पलीकडचा माणूस बोलत होता. सरांची मान खाली गेली.

"हो," ते म्हणाले. "अगदी हेच शब्द. ज्याच्यात चिकाटी नसते तो काचेला नावं ठेवतो. हो, सगळ्यांसमोर म्हणालो होतो. लॅबमध्ये सगळे होते."

त्यांनी मोकळ्या हाताने टेबलाची कड धरली होती. मी दारात तशीच उभी राहिले. आत जाता येत नव्हतं आणि मागेही फिरता येत नव्हतं.

"नाही रे," सर म्हणाले, "फोन ठेवू नकोस. बोल. काय बोलायचं ते बोल. मी ऐकतो आहे."